माझा एक्याण्णव, दादाचा तेवीस

…आणि वर मलाच विचारतात, "एवढं दचकायला काय झालं?" आता तुम्हीच सांगा, माणसाने दचकायचंही नाही का? समोर बसलेली बाई मधात घोळवलेल्या आवाजात सांगते, "समजा शंभर माणसं एका रांगेत उभी केली, कमी धोक्याची इकडे, जास्त धोक्याची तिकडे, तर दारूचं व्यसन लागण्याच्या बाबतीत तुम्ही एक्याण्णवाव्या," आणि मी काय म्हणायचं? "अय्या, हो का?" असं? अहो, मी जन्मात एक थेंब घेतलेला नाही! खोकल्याचं औषधसुद्धा मी चमच्याने मोजून घेते, मग बाटलीवरचं बारीक अक्षर वाचते, आणि मग अर्धा तास पलंगावर पडून राहते, की आता काय काय होतंय ते बघू!

"हे होईलच असं नाही," ती बाई म्हणाली. मी श्वास सोडला. "आणि होणार नाही असंही नाही," ती म्हणाली. सोडलेला श्वास मी परत घेतला.

तुम्हाला सांगते, हे एक वाक्य त्या दिवसापासून माझ्या मानगुटीवर बसलंय. पण थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल ही बया उगाच किंचाळतेय. पहिल्यापासून सांगते.

आमचं चष्म्यांचं दुकान आहे. बाबांनी काढलेलं, आता दादा चालवतो. म्हणजे डोळे तो तपासतो, काचा तो घासतो, फ्रेममध्ये तो बसवतो. मी फ्रेमी दाखवते, काचा पुसते आणि "तुम्हाला अगदी शोभून दिसतोय" असं म्हणते… शोभत नसला की दिवसभर मनाला टोचणी लागते ती वेगळीच. दुकानात एक मशीन आहे. त्यात हनुवटी टेकवून बसलं की अर्ध्या मिनिटात कुर्रर्र करून चिठ्ठी बाहेर येते, त्यावर तुमचा नंबर. (त्या कुर्ररला मी आठ वर्षं रोज दचकते.) पण दादा त्या चिठ्ठीवरून चष्मा कधीच करत नाही. बाबांची शिकवण! "मशीन अंदाज सांगतं, नंबर माणूस सांगतो." माणसाला खुर्चीत बसवायचं, ती जड गोल तपासणीची फ्रेम नाकावर चढवायची, खट्‌ करून काच टाकायची, खट्‌ करून काढायची, आणि विचारत राहायचं, "आता बरं दिसतं, की आता? हे बरं, की हे?" आणि विचारता विचारता माणूस म्हणाला ना, की "दोन्ही सारखंच दिसतंय हो", की समजायचं, सापडला नंबर.

तर असा हा माझा दादा. हाताला जादू होती त्याच्या. होती. आता चष्म्याच्या दांडीचा तो स्क्रू, बघितलाय ना तुम्ही? डास त्याच्यापेक्षा मोठा असतो. तो स्क्रू दादाच्या हातून पडायला लागला. एकदा पडला, दोनदा पडला, मी गुडघ्यांवर बसून लोहचुंबक घेऊन लादी चाचपतेय आणि वरून दादा, "लाईट नीट नाहीये गं इथे!" लाईट नीट नाही! अहो, दुकानात एवढे दिवे, की येणारी माणसं डोळे बारीक करून आत येतात!

आणि मग एक दिवस आमच्या निवृत्त शिक्षिका बाई, आमचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक, भिंत धरून धरून दुकानात आल्या. नवा चष्मा डोळ्यावर. "अरे," त्या दादाला म्हणाल्या, "आमचा जिना असा एका बाजूला कलंडलाय ते मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं का रे?" दादा म्हणाला, "सवय होईल बाई, नवीन नंबर आहे." मी गुपचूप चष्मा घेऊन मागे तपासला. काच आडवी बसायची ती जवळजवळ उभी बसवली होती! त्या बाईंचं सगळं जगच तिरकं करून ठेवलं होतं आमच्या दादाने, आणि वर म्हणतोय, सवय होईल!

ही गोष्ट वहिनीच्या कानावर गेली. कुणी घातली ते विचारू नका. मला खोटं बोलताना घाम फुटतो आणि गप्प बसताना उचकी लागते, म्हणून मी सांगून टाकते. आता, वहिनी शाळेत शिकवते. तिचा आवाज कधी चढत नाही. उतरतो. उतरत उतरत अगदी खाली गेला की समजायचं, आता काही खरं नाही. त्या दिवशी तो इतका उतरला, की मला दाराशी कान लावावा लागला. बॅग भरली नाही तिने. फक्त कपाटावरून काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि दिवाणाशेजारी उभी करून ठेवली. "मी काही म्हणत नाहीये," ती म्हणाली. "ती नुसती वाळतेय."

दादाची बोबडी वळली. पण कबूल करेल तर तो दादा कसला! "मला दारूचं व्यसन नाहीये. आवड आहे. व्यसन वेगळं, आवड वेगळी."

"कुणी ठरवायचं?" वहिनी.

तर नेमकं त्याच आठवड्यात समोरच्या मोठ्या हॉस्पिटलातली कुणी डॉक्टरीण चष्मा दुरुस्तीला आली आणि काउंटरवर पत्रकं ठेवून गेली. म्हणे अभ्यास चाललाय, भावंडांच्या जोड्या हव्यात, नळीत थुंकी द्या, दारूच्या व्यसनाचा जनुकांमधला धोका आकड्यात काढून देऊ. दादाने पत्रक वाचलं आणि त्याचा चेहरा असा उजळला! "हे बघ! विज्ञान! आकडा काढू. पन्नासच्या वर आला तर त्या दिवसापासून बंद. शब्द!"

"आणि खाली आला तर?"

"तर तुझं बोलणं बंद."

वहिनीने बॅगेकडे बघितलं, दादाकडे बघितलं आणि म्हणाली, "चालेल."

आता तुम्ही आमच्या घराची अवस्था लक्षात घ्या. जगातली झाडून सगळी माणसं तपासणीला जाताना देवाला काय म्हणतात? काही निघू नये! आणि आमची आई, डोळे मिटून, हात जोडून, "देवा, माझ्या मुलात भरपूर खोट निघू दे रे बाबा!" मी म्हटलं, "आई, अगं कसलं मागणं मागतेस!" तर म्हणाली, "तू गप्प बस. तुझ्यासाठी काही मागितलेलं नाही."

हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी एक भला मोठा फॉर्म. त्यात प्रश्न, 'कुटुंबात कुणाला दारूचा त्रास होता का?' माहिती सांगायला आई बरोबर आली होती. तिने चष्मा नाकावर ओढला, प्रश्न दोनदा वाचला, म्हणाली, "नाही लिही."

मी म्हटलं, "आई! आणि बाबा?"

"त्यांना कुठे त्रास होता? त्रास आम्हाला होता."

तुम्हाला सांगते, मी पेन तसंच हातात धरून बसले. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटची दोन वर्षं घरात कुणी तो शब्द काढला नाही, 'पोटाचं दुखणं' असंच म्हणायचो आम्ही. पाहुण्यांना पोटाचं, शेजाऱ्यांना पोटाचं… डॉक्टरांनासुद्धा आई पोटाचंच सांगायची, आणि ते बिचारे मान हलवायचे. मी 'होय' वर खूण केली. आई दुसरीकडे बघत होती. म्हणजे बघत नव्हती असं दाखवत होती.

मग थुंकी. सोपं वाटतं ना ऐकायला? एवढीशी नळी, त्यावर एक रेघ, त्या रेघेपर्यंत भरायचं, फेस धरायचा नाही, आणि अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही. दादाने दोन मिनिटांत नळी भरून दिली आणि शर्यत जिंकल्यासारखा इकडेतिकडे बघायला लागला. आणि माझं तोंड… वाळवंट! घाबरले की माझ्या तोंडाला कोरड पडते, आणि कोरड पडली या विचाराने मी आणखी घाबरते. नर्स म्हणाली, "लिंबाचा विचार करा." मी केला. मग मनात आलं, विचार केल्याने थुंकीत काही बदल झाला तर? आकड्यात लिंबू उतरलं तर? विचारलं तिला. तिने माझ्याकडे असं बघितलं… पण माझं म्हणणं, विचारलेलं बरं ना? पाऊण तास लागला मला. बाहेर आले तर दादा, "तहान कशी लागते ते आज कळलं असेल तुला!"

सहा आठवड्यांनी निकाल. वहिनीला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही तिघेच. आणि तिथे ती गोड आवाजाची बाई. असं काही सांगायला हॉस्पिटलात वेगळी माणसं नेमलेली असतात हे मला तेव्हा कळलं. समुपदेशक म्हणायचं त्यांना. आधी दादाचा आकडा सांगितला. तेवीस.

तेवीस!

दादा खुर्चीतून अर्धा उठला. मी आईकडे बघितलं, तर तिचं तोंड एवढंसं झालेलं. "जन्मभर तेवीस-तेवीस मार्क पाडून आलास," ती दादाला म्हणाली, "आज तरी चांगले पाडायचे होतेस!"

आणि मग माझा. तो तर तुम्हाला ठाऊकच आहे. आई माझ्याकडे वळली. "आणि तू गं? तुला कुणी सांगितलं होतं?"

जसं काही मी चोरून अभ्यास केला होता!

आता दचकून झालं, घाम पुसून झाला, पाणी पिऊन झालं, पण माझा स्वभाव मेला असा, की भीती वाटली की मी प्रश्न विचारत सुटते. मी त्या बाईंना विचारलं, "हे शंभर जण कोण?" त्या म्हणाल्या, "प्रत्यक्ष नसतात, तो हिशेब असतो." म्हटलं, "तरी पण हिशेब कुणावरून तरी केला असेल ना?" त्या म्हणाल्या, "लाखो माणसांवरून. पण ती बहुतेक दुसऱ्याच मुलखातली. तुमच्यासारख्या घरांतली फार थोडी. त्यामुळे तुमच्या बाबतीत आकडा आणखी कच्चा." बघा! म्हणजे परक्याच्या डोळ्यांवरून माझा चष्मा! मी म्हटलं, "पण हे असतं कुठे? एकच जागा असते का, दारूची?" नाही म्हणाल्या. हजारो ठिकाणी कण कण. एका ठिकाणचा कण इकडे झुकवतो, दुसऱ्या ठिकाणचा तिकडे, एकेकाचं वजन केसाएवढंही नाही, सगळ्यांची बेरीज म्हणजे हा आकडा. मला तर ते इतकं… सांगू का, सुंदरच वाटलं! माझ्या आत हजारो ठिकाणी कुणीतरी बारीक बारीक वजनं टाकतंय, आणि मला पत्ता नाही! म्हटलं, "आणि आम्ही सख्खी भावंडं, मग वाटणी अशी कशी?" त्या म्हणाल्या, "पत्ते एकाच जोडातले, पण पिसून वाटलेले." मी म्हटलं, "मग मला होणार का?"

"होईलच असं नाही. आणि होणार नाही असंही नाही."

"अहो, पण असं तर कशाबद्दलही म्हणता येतं!"

"येतं," त्या म्हणाल्या. आणि मग आवाज जरा खाली आणून, दादाकडे बघत म्हणाल्या, "खरं सांगायचं तर हा आकडा अजून संशोधनापुरताच. एखाद्या माणसाबद्दल जाणून घ्यायचं, तर घरात कुणाला होतं का आणि तुम्ही सध्या किती घेता, हे दोन साधे प्रश्न जास्त सांगून जातात. शिवाय धोका काढायचा तो अजून न झालेल्या गोष्टीचा. भिजून उभ्या असलेल्या माणसाला, पाऊस पडायची शक्यता किती, हे आपण सांगत नाही."

मी म्हटलं, "दादा, ऐकलंस?"

दादा मोबाईलवर निकालाचा फोटो काढत होता.

तुम्हाला सांगते, त्यानंतरचे पंधरा दिवस! दादाने तो कागद प्लास्टिकमध्ये घालून दुकानात आरशाशेजारी लावला. गिऱ्हाइकाने विचारलं की, "तेवीस. जनुकीय." विचारलं नाही तरी, "तेवीस. जनुकीय." संध्याकाळी घरी आला की ग्लास काढायचा आणि वहिनीकडे न बघता म्हणायचा, "विज्ञानाची परवानगी आहे." वहिनी बोलायची नाही, ठरलं होतं तसं. बॅग मात्र दिवाणाजवळून उठून दाराजवळ गेली. कुणी नेली, कधी नेली, कुणी बघितलं नाही.

पण खरी कमाल पुढेच! तिसऱ्या दिवशी बघते तर दादाच्या कपाटाला कुलूप. म्हटलं, "हे काय?" तर अगदी वडीलकीच्या आवाजात, माझ्या डोक्यावर हात ठेवून, "तुझ्यासाठीच लावलंय गं. घरात नजरेसमोर नको. तुझा एक्याण्णव आहे." अहो, म्हणजे पिणारा हा, आणि कुलूप माझ्यापासून! जेवताना माझ्या सरबताचा वास घेऊन बघायचा. माझ्या खोकल्याच्या औषधाची बाटली त्याने टाकून दिली! आणि आई, आमची आई, तिने एकदा हळूच येऊन मला विचारलं, "तुला कधी… वाटतं का गं?" मी म्हटलं, "आई, मी कधी घेतलीच नाहीये!" म्हणाली, "त्यांनीही लग्नाआधी घेतली नव्हती."

झालं! आता तुम्ही विचाराल, तुझं काय झालं? तर मला कुतूहल वाटायला लागलं! खरंच! चोवीस वर्षं ज्या गोष्टीचा मनात विचार आला नव्हता, ती आता दिवसातून दहादा. कशी लागत असेल? कडू? आंबट? लोक तोंड वाकडं करतात, मग परत का घेतात? माझ्यातले ते हजारो कण कशाची वाट बघत बसलेत? काचा पुसायचं स्पिरिट, आठ वर्षं मी रोज वापरतेय, एक दिवस बाटली उघडली आणि मनात आलं, वास बरा आहे की! आणि मी जी दचकले! बाटली खाली, फडकं खाली, मी दोन पावलं मागे! म्हटलं, हीच का ती सुरुवात? तेव्हापासून पाणी आणि साबण. होईलच असं नाही म्हणा. पण होणार नाही असंही नाही!

आणि मग तो मंगळवार. सकाळचे अकरा. शिक्षिका बाई आल्या होत्या, नव्याने बसवलेल्या काचांचा चष्मा न्यायला. शेवटचा स्क्रू राहिला होता. दादाने स्क्रू चिमट्यात धरला. पडला. परत धरला. परत पडला. तिसऱ्यांदा त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. बाई त्याच्याकडे न बघता भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लागल्या, मोठ्याने, जणू तपासणीच चाललीय. दादा म्हणाला, "आलोच," आणि मागच्या खोलीत गेला. दोन मिनिटं. परत आला, आणि हात… अगदी स्थिर! स्क्रू एका झटक्यात बसला. "बघा!" दादा म्हणाला. "म्हटलं ना, लाईटचा प्रश्न होता."

बाईंनी चष्मा घातला, आता जिना सरळ दिसेल म्हणाल्या, आणि दाराशी जाऊन मागे वळल्या. त्या आरशाशेजारच्या कागदाकडे बोट दाखवून दादाला विचारलं, "ही चिठ्ठी मशीनची ना रे?"

"हो बाई. अगदी अचूक."

"मग चिठ्ठीनंतर तुला खुर्चीत कुणी बसवलं?"

एवढं बोलून त्या गेल्या. दादा हसला. मी नाही हसले. मी, जी स्वतःच्या सावलीला दचकते, ती मी गेले आणि दुकानाचं दार लावून घेतलं. म्हटलं, "दादा, बस खुर्चीत."

"कशाला?"

"बस म्हणते ना!" माझा आवाज एवढा मोठा निघाला, की मीच दचकले. आणि तो बसला! मी ती जड फ्रेम त्याच्या नाकावर चढवली. आता ही गोष्ट आम्ही दोघंही जाणतो, की त्या फ्रेमीत भलेभले लोक पहिलीतल्या पोरासारखे होतात. मोठे मोठे साहेब, पण खट्‌ झालं की मुकाट्याने खरं सांगतात. तिथे खोटं बोलून फायदा काय? चष्मा तुम्हालाच घालायचा असतो.

मी खट्‌ करून एक काच टाकली. कुठली टाकली, मलाच ठाऊक नाही. "सांग. सकाळी हात… घेण्याआधी बरा, की घेतल्यावर?"

तो म्हणाला, "वेडी आहेस का?" खट्‌. "आधी बरा, की नंतर?"

"…नंतर."

खट्‌. "एक दिवस न घेता बरा जातो, की घेऊन?"

"घेऊन."

खट्‌. "वहिनी समोर असताना बरं वाटतं, की नसताना?"

त्या गोल काचांमागे त्याचे डोळे केवढे मोठे दिसत होते. "नसताना," तो म्हणाला. "पूर्वी तसं नव्हतं गं."

मी शेवटची काच टाकली. "सोडायची म्हटलं की जास्त भीती वाटते, की चालू ठेवायची म्हटलं की?"

बाहेर कुणीतरी दार ठोठावून गेलं. आणि मग दादा, ज्याने हजारो लोकांच्या तोंडून हे वाक्य ऐकलंय, तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "दोन्ही सारखंच दिसतंय."

मी फ्रेम काढली. नाकावर दोन्ही बाजूंना लाल खुणा उमटल्या होत्या. त्याने त्या चोळल्या, उठला, आरशाजवळचा कागद काढला आणि म्हणाला, "चल, त्या समोरच्या डॉक्टरणीला विचारू. एकदम सोडली तर मला फिट येईल म्हणतात. खरं आहे का?"

खरं होतं. म्हणजे येईलच असं नाही, आणि येणार नाही असंही नाही. म्हणून त्यांनी सात दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं, औषधं दिली, आणि ते सात दिवस वहिनी रोज शाळा सुटल्यावर तिकडे जायची. काय बोलायचे दोघं ठाऊक नाही. मी एकदा दाराशी कान लावला होता, पण तिचा आवाज नेहमीच्या पट्टीत होता, म्हणून मी निघून आले. आणि बॅग? बॅगेत दादाचे कपडे भरून नेले होते. पुसलेलीच होती, बरी पडली.

सुटताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता दर गुरुवारी गटात बसायचं. सोडलेली माणसं एकत्र बसतात, एकेकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शाळेचा एक रिकामा वर्ग आहे, पाच वाजता. दादा म्हणाला, "एकटा जाणार नाही." वहिनी म्हणाली, "मी येते." तर म्हणाला, "तू नको, तुझ्यासमोर मला नाही बोलता येणार अजून." आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले. आता बघायला लागल्यावर मी काय करणार?

गेले. गोल मांडलेले छोटे बाक, पहिलीतल्या मुलांचे, त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसलेली मोठी मोठी माणसं. एक बस चालवणारे काका, एक दातांची डॉक्टर, एक आजोबा. दादा बोलला. अडखळत, पण बोलला. स्क्रूचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं, तेवीसचंही सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं आता, सुटलो. तर ते बसवाले काका माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "आणि ताई, तुमचं?"

मी दचकून उभी राहिले! अन् तोंडातून काय निघावं? "माझा एक्याण्णव!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी घाईघाईने म्हटलं, "नाही, म्हणजे, मी घेतच नाही! मी कधी घेतलीच नाहीये! एक थेंबसुद्धा नाही!"

काकांनी दातांच्या डॉक्टरकडे बघितलं, तिने आजोबांकडे बघितलं. आणि आजोबा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "बस बाळ, बस. पहिल्या दिवशी सगळे हेच म्हणतात."

मी दादाकडे बघितलं, म्हटलं, सांग ना यांना काहीतरी! तो खाली मान घालून खांदे हलवत बसला होता. मला वाटलं रडतोय. हसत होता! दोन वर्षांत पहिल्यांदा, न घेता, हसत होता. म्हणून मग मीही काही बोलले नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी जाते. मी नाही गेले तर तोही जात नाही ना! परवा आम्हाला तीन महिने झाले. त्यांनी दादासाठी टाळ्या वाजवल्या, आणि मग माझ्यासाठी त्याहून जास्त वाजवल्या. म्हणे, या वयात एवढा निग्रह! आता काय सांगू त्यांना? घेतल्या टाळ्या… म्हटलं, तीन महिने घेतलेली नाही, हे तर खरंच आहे.